तीस वस्तू नकोत, एक टोपली पुरे

पत्र असं आहे:

‘ताई, मी सोलापुरात राहते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. गेली दोन वर्षं दोघांना उन्हाळी शिबिरात घातलं. रोज एक वस्तू घरी यायची. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, चमकीचं फुलपाखरू, थर्माकोलचा बर्फाचा माणूस. सगळं माळ्यावर पडलंय. यंदा घरीच काही करून घ्यावं म्हणते. पण मी घरी ब्लाउज शिवते, मला कलाकुसर काही येत नाही. धाकटा दहा मिनिटांत कंटाळतो आणि मोबाइल मागतो. जागा दोन खोल्यांची, गच्ची सगळ्यांची. सासूबाई बार्शीकडच्या, त्यांना पसारा खपत नाही. काय करून घेऊ? आणि शाडूची माती या दिवसांत मिळते का?’

ताई, आधी तुमच्या एका वाक्यावरून भांडते. ‘मी ब्लाउज शिवते, मला कलाकुसर येत नाही.’ अहो, सपाट कापडातून कटोरी उभी करणाऱ्या, झोळ न पडता बाही बसवणाऱ्या बाईनं हे लिहावं? मी सत्तावीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला आणि मला आजही गळ्याची पायपीन सरळ लावता येत नाही. तेव्हा तो विषय इथंच मिटला.

माळ्यावरच्या वस्तूंचं म्हणाल तर त्यात मुलांचा दोष नाही, तुमचाही नाही. एका तासात संपेल, सगळ्यांची एकसारखी दिसेल आणि आईला फोटो पाठवता येईल अशी वस्तू शिबिराला लागते. मग अर्धं काम बाईंनी आधीच कापून ठेवलेलं असतं, मूल फक्त चिकटवतं. मीही एके काळी अशी शिबिरं घेतली आहेत, त्यामुळे आतली गोष्ट सांगते आहे. सोलापुरातल्या मुलानं मे महिन्यात बर्फाचा माणूस करावा, तोही थर्माकोलचा, यावर मी जास्त बोलत नाही. थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली, एवढं आठवण म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की या सुट्टीत रोज नवी वस्तू करायला घेऊ नका. जिला आठ-दहा दिवस लागतील आणि जी नंतर घरात वापरली जाईल अशी एक वस्तू घ्या. बाकीची कामं तिच्या आजूबाजूला होतील. तुमच्याकडे त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी फुकट आणि भरपूर आहेत, बेचाळीस अंशांचं ऊन आणि न संपणारी दुपार. ऊन लागतं असं काम निवडा. मात्र उन्हात वस्तू राहील, मुलं नाहीत. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर गच्ची, मधल्या वेळात खोलीत बसून करायचं काम.

मी असते तर कागदाच्या लगद्याची टोपली घेतली असती.

पाच-सहा वर्तमानपत्रं घ्या. मुलांना ती फाडायला सांगा, कापायला नको. कात्रीनं कापलेल्या तुकड्याची कड गुळगुळीत राहते. फाडलेल्याच्या कडेला तंतू सुटे होतात आणि पुढे तेच एकमेकांत अडकतात. तुकडे पोस्टाच्या तिकिटाएवढे हवेत. हे काम सात वर्षांच्या मुलाचं, कारण घरात फाडाफाडीची परवानगी त्याला एरवी कोण देतं? पहिल्या दुपारी तो दहा मिनिटं फाडेल आणि पळेल. पळू द्या. तुकडे बादलीत टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येईल, कारण बादली अजून भरलेली नसेल. एका बैठकीत संपणाऱ्या कामात कंटाळलेलं मूल कायमचं सुटतं. चालू राहिलेलं काम त्याला परत बोलावतं.

तुकडे दोन रात्री पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला. हे पाणी बदलणं मी एकदा विसरले. शाळेला जोडून सुट्ट्या आल्या आणि बादली वर्गाच्या कोपऱ्यात तशीच राहिली. चौथ्या दिवशी शिपाईमामा नाकाला रुमाल बांधून मला बोलवायला आले. सोलापूरच्या उन्हात तुम्हाला चार दिवसही लागायचे नाहीत.

भिजलेला कागद पिळून खलबत्त्यात कुटा किंवा दोन्ही हातांनी मळा. मिक्सर नको. छपाईची शाई असते आणि तुमच्या मिक्सरवर चटणीही होते. अर्धी वाटी मेथीदाणे रात्री भिजवून वाटले की बुळबुळीत गोळा होतो, तो लगद्यात मिसळा. मेथी तंतूंना धरून ठेवते आणि कडवटपणामुळे किडा लवकर लागत नाही. शेवटी लगदा चपातीच्या कणकेपेक्षा थोडा सैल हवा. मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि पाण्याचे दोन-चार थेंबच गळले पाहिजेत.

आता साचा. इथं बहुतेकांचं चुकतं. उभ्या भिंतीचं पातेलं घेऊ नका, लगदा वाळताना आकसतो आणि पातेल्याला असा आवळून बसतो की दोन्हीपैकी एकाचा जीव जातो. घमेलं घ्या किंवा तोंडाशी पसरट होत जाणारं कुठलंही भांडं. ते पालथं घाला, त्यावर जुनं ओलं धोतर किंवा ओढणी ताणून पसरा आणि लगदा मधूनच, म्हणजे बुडापासून, थापत खाली या. करंगळीएवढी जाडी सगळीकडे सारखी हवी. तुमच्या मुलीला हे जमेल. तिला डोळ्यांनी नाही, तळहातानं बघायला सांगा. डोळे मिटून हात फिरवला की कुठं उंचवटा आहे ते लगेच कळतं.

पहिला दिवस भांड्यावरच ऊन खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कडा सुटायला लागल्या की कापडासकट अलगद उचला, कापड सोलून काढा आणि टोपली सुलटी करून ठेवा, म्हणजे आतली बाजूही वाळेल. तुमच्याकडचं ऊन इतकं कडक की वरचा थर तासाभरात टणक वाटतो आणि आपण फसतो. आत ओल राहिली तर आठवड्यानं करडी बुरशी धरते. नखानं टिचकी मारा. ओल्या टोपलीचा आवाज मुका येतो, वाळलेली पुठ्ठ्यासारखी वाजते. तीन-चार दिवस लागतात.

गच्ची सामायिक आहे म्हणालात. आत्ता तिथं शेजारणींच्या कुरडया, पापड, सांडगे पसरलेले असणार. मग टोपलीही त्या ओळीत ठेवा आणि धाकट्याला सकाळच्या वेळी वाळवणाची राखण द्या. हातात काठी, कावळ्यांवर लक्ष. शेजारणी खूश, तुमच्या टोपलीबद्दल तक्रार नाही आणि वर त्याला ओला सांडगा खायला मिळेल तो वेगळाच.

वाळल्यावर आत-बाहेर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवा. पाठकोरे कागद, जुन्या वह्यांची कोरी पानं चालतील. खळ बाजारातून आणू नका. दोन चमचे मैदा गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं पाणी अचानक काचेसारखं होतं आणि चमच्याला जड लागतं, तिथं गॅस बंद. पुस्तकं बांधणारे या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हातातल्या खळीत अजिबात नको. लागेल तेवढीच खळ रोज करा, म्हणजे टिकवायचा प्रश्नच येत नाही. त्यावर गेरूचा हात द्या, नक्षी मुलांना हवी ती. टोपलीत उघडं खायचं काही ठेवू नका, पण कांदे-लसूण, तुमची दोऱ्याची रिळं, हुकांच्या पुड्या मजेत राहतील. शिलाई मशीनच्या शेजारी ती ठेवलीत तर मुलांना रोज दिसेल.

आता सासूबाई. त्या बार्शीकडच्या आहेत, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. त्या पिढीतल्या बायकांनी गावाकडे अशा टोपल्या केलेल्या नसल्या तरी होताना पाहिलेल्या असण्याची शक्यता खूप. पण ‘आई, शिकवता का?’ असं विचारू नका. ‘मला नाही बाई आता आठवत’ असं उत्तर येईल आणि दार बंद होईल. त्याऐवजी त्यांच्या समोर बसून थोडं चुकीचं करा. लगदा पातळ ठेवा, मेथी कमी घाला. पाच मिनिटं त्या गप्प बसतील. सहाव्या मिनिटाला ‘असं नसतंय ते, सरक’ ऐकू येईल. मग तुम्ही उठा आणि ब्लाउज पुरे करा. पसाऱ्याची तक्रार आपोआप कमी होते, कारण पसारा आता त्यांचा असतो. तरी एक जुनी चादर ठरवून ठेवा. काम तिच्यावरच, आणि संपलं की चार कोपरे धरून गच्चीत झटकायची. चादरीबाहेर गेलेला कागद ज्याचा त्यानं उचलायचा.

टोपली वाळेपर्यंतच्या दुपारी काय? तुमच्या घरात चिंध्या आहेत! ब्लाउजच्या अस्तराचे पांढरे सुती तुकडे बाजूला काढा. महिनाभर कांद्याची वाळकी सालं साठवा, कांदेबटाटेवाल्याच्या पाटीत तर ओंजळींनी मिळतात. चार-पाच ओंजळी सालं पाण्यात अर्धा तास उकळून गाळली की काळपट लाल पाणी उरतं. त्यात सुपारीएवढी तुरटी विरघळवून ओले तुकडे टाका आणि वीस मिनिटं मंद आचेवर ठेवा. पिवळसर-नारिंगी रंग चढतो आणि तुरटीमुळे तो कापडाला धरून राहतो. तुकड्यात हरभऱ्याचा दाणा ठेवून दोऱ्यानं गच्च बांधलात तर सोडल्यावर तिथं पांढरं कडं निघतं. ते सोडण्याचं काम मुलगा दुसऱ्या कुणालाच करू देणार नाही. गॅसजवळ अर्थात तुम्ही. टेरीकॉटच्या चिंध्या घेऊ नका, त्यांना रंग धरत नाही आणि मुलांचा विरस होतो. एक तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि त्यावर ओल्या साबणाच्या वडीनं रेघ ओढा. रेघ लालभडक उमटते. लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळी. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे तो खेळापुरताच. शिवायला कांद्याच्या रंगाचे घ्या.

शिवायचं काय, तर गोधडी. अंथरुणाची नव्हे, तेवढा धीर मला स्वतःला नाही. दीड हात बाय दीड हात, म्हणजे बसायला आसन होईल एवढी. जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर एकावर एक, वर रंगवलेले तुकडे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीतून सुई लोण्यासारखी जाते. नव्या पॉपलीनला अकरा वर्षांच्या बोटांचं बळ पुरत नाही. आधी लांब कच्चा टाका घालून सगळे पदर धरून ठेवा, नाहीतर खालची साडी सरकते आणि शेवटी एका कोपऱ्यात चोळामोळा होतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं. मग कडेनं धावदोरा, आणि त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. माझी आजी हे टाके मोजत नसे, पण रोजचा दोरा एका गव्हल्याएवढ्या गाठीनं संपवायची. गोधडी उलटी केली की गाठी मोजून किती दिवस लागले ते कळायचं. मुलीला अंगुस्तान द्या. सुरुवातीला ते तिला नको वाटेल, तिसऱ्या दिवशी बोटाला टोचलं की स्वतः मागेल. आणि ताई, तिचे टाके रात्री उसवून सरळ करू नका. शिवणाऱ्या बाईला हे किती अवघड जाईल ते मला माहीत आहे. वाकडे राहू द्या.

धाकट्यासाठी अजून दोन गोष्टी. पहिली, कडबा. तुमच्या जिल्ह्यात ज्वारीच्या कडब्याला काय तोटा! एक पेंढी मागून आणा, नाहीतर गुरांच्या गोठ्यावर चार ताटं, म्हणजे ज्वारीची वाळकी धाटं, कुणीही देईल. ताटाची साल पट्टीसारखी सोलून निघते आणि आतलं पांढरं भेंड इतकं हलकं की फुंकरीनं घरंगळतं. भेंडाचे दोन बोटं लांब तुकडे करायचे आणि सालीच्या पट्ट्या त्यांत खुपसायच्या. गोंद नाही, दोरा नाही. बैलगाडी होते, खाट होते. दोन पट्ट्या गोल वाकवून भेंडात अडकवल्या की चष्मा होतो, आणि तो चष्मा घालून फिरणारं पोर मी अजून तरी मोबाइल मागताना पाहिलेलं नाही. एक काळजी घ्या, सालीच्या कडेला ब्लेडसारखी धार असते. पहिले दोन दिवस सोलण्याचं काम मोठ्या माणसाचं, आणि ताटं अर्धा तास ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर साल वाकवताना तुटत नाही. हे कामसुद्धा सासूबाईंच्या समोर चुकीचं करून पाहा.

दुसरी गोष्ट, सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा. काडेपेटीच्या काड्यांचा गुल खरवडून टाका. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांत काड्या खुपसल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच तिरका होतो. ‘का?’ असं त्याला विचारू नका, नुसता दाबायला द्या. मग रेल्वेच्या जुन्या पुलावर एवढे त्रिकोण कशाला असतात ते तो तुम्हालाच दाखवेल. ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटीतून शिकलेला हा माणूस पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं मुलांसाठी चालवलेल्या विज्ञान केंद्रात टाकाऊतून खेळणी करत राहिला, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, मराठीतूनही. तेवढ्यासाठी मोबाइल द्या, हरकत नाही. तुम्ही शेजारी बसा आणि खेळणं कळलं की फोन परत तुमच्या पाकिटात.

गडद रंगाच्या स्वस्त कार्डपेपरवर पानं-फुलं ठेवून, वर काच ठेवून दोन-तीन दिवस उन्हात सोडलं की पानाखालचा रंग राहतो आणि बाकीचा उडतो. याला कष्ट शून्य, कौतुक भरपूर. पाहुणे आले की दाखवायला बरं.

शाडूबद्दल विचारलंत. लगद्याला जेवढं ऊन हवं तेवढीच शाडूला सावली हवी, हे मुलांना आधी सांगा. शाडू उन्हात ठेवला की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो, आणि मधोमध भेग पडते. खोलीत, पंख्यापासून लांब, वर ओलं फडकं टाकून हळूहळू वाळवा. भातुकली करा. पोळपाट, चूल, तवा, परडी. चुलीला पाय किंवा किटलीला कान जोडताना दोन्ही बाजू काडीनं खरवडून, मध्ये दह्याएवढी पातळ माती लावून दाबायचं. नुसतं चिकटवलेलं वाळलं की हमखास गळून पडतं. भाजलेली नसते म्हणून ही भांडी पाणी लागलं की विरघळतात. मुलगा एक दिवस मुद्दाम विरघळवून बघेल, त्याच मातीची परत दुसरी करेल.

माती या दिवसांत मिळते. गणपतीच्या कारखान्यांत उन्हाळ्यापासूनच मूर्तींचं काम सुरू असतं, तिथं जाऊन दोन-तीन किलो मागा. सकाळी जा, दुपारी कामगार जेवून आडवे झालेले असतात. बहुतेक ठिकाणी ती कोरडी पावडरच देतात. कापडी पिशवी नेऊ नका, घरी येईपर्यंत अर्धी रिक्षात सांडते. झाकणाचा डबा न्या.